पहिली वीस मिनिटे घराची

सायंकाळची वेळ. गॅसवर चहाचे आधण ठेवलेले. स्वयंपाकघरात दोघीतिघींची लगबग आणि बाहेरच्या खोलीत पाहुण्यांच्या गप्पा. अशा वेळी दोन-अडीच वर्षांचे मूल ओट्यापाशी येते, टाचा उंचावून हात वर करते आणि ओट्याच्या कडेबाहेर आलेला पातेल्याचा दांडा ओढते. उकळते पाणी त्याच्या हातावर आणि छातीवर सांडते. पुढच्या क्षणी घरात जी धावपळ उडते, ती बहुतेक मध्यमवर्गीय घरांनी कधी ना कधी पाहिली आहे. एक जण टूथपेस्ट आणायला न्हाणीघरात धावतो. दुसरी तुपाचे भांडे पुढे करते. शेजारच्या काकू भिजवलेली कणीक थापायला सांगतात. कोणी फ्रिजमधला बर्फ काढतो आणि मुलाचे वडील गाडीची किल्ली शोधू लागतात. या प्रत्येकाच्या मनात माया आहे, तळमळ आहे. पण दोन हातांवर असलेला पाण्याचा नळ मात्र कोणीच सोडत नाही.

भाजलेल्या भागावर साधे, थंड, वाहते पाणी सलग वीस मिनिटे सोडणे हा त्या क्षणी जगात उपलब्ध असलेला सर्वोत्तम उपचार आहे. तो कोणत्याही रुग्णालयात विकत मिळत नाही, कारण रुग्णालयात पोहोचेपर्यंत त्याचा सर्वाधिक उपयोगाचा काळ निघून गेलेला असतो. तो उपचार घरानेच करावयाचा असतो. दैनंदिन दुखापतींच्या बाबतीत हे सत्य पुन्हापुन्हा समोर येते. वैद्य नंतर येतो. पहिली वीस मिनिटे घराची असतात, शेजाऱ्याची असतात. त्या वीस मिनिटांत काय घडते यावर पुढचे वीस दिवस, आणि काही वेळा पुढचे सारे आयुष्य अवलंबून असते.

पाणी काय करते?

त्वचा भाजते तेव्हा उष्णतेचे काम चटका बसताक्षणी संपत नाही. वरच्या थरात शिरलेली उष्णता काही काळ आतल्या थरांकडे सरकत राहते आणि तेथील पेशींचा नाश करते. वाहते पाणी ही उष्णता बाहेर काढून घेते. त्यामुळे वेदना कमी होते, सूज कमी येते आणि जखमेची खोली मर्यादित राहते. भाजल्यापासून तीन तासांपर्यंत याचा लाभ मिळू शकतो. अर्थात जितके लवकर तितके उत्तम. तूप, तेल किंवा कणीक यांचा थर उलट ही उष्णता आत कोंडतो. टूथपेस्टने गार वाटते, पण त्या गारव्याचा पेशींना काही उपयोग नसतो. बर्फाने त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच दुखावलेल्या पेशींचा रक्तपुरवठा आणखी तुटतो.

पाणी सोडता सोडताच बांगड्या, अंगठी, घड्याळ, कमरेचा करगोटा काढून घ्यावा, कारण सूज चढल्यावर तेच फास होतात. कपडा त्वचेला चिकटला असेल तर ओढू नये. लहान मुलाचे उरलेले अंग कोरड्या कपड्यात गुंडाळून उबदार ठेवावे, नाहीतर ते गारठते. फोड फोडू नयेत. नंतर स्वच्छ, न चिकटणाऱ्या कापडाने जखम सैल झाकावी. जखमीच्या स्वतःच्या तळहाताएवढा, बोटे धरून, भाग म्हणजे त्याच्या त्वचेचा सुमारे एक टक्का. भाजलेला भाग त्याहून मोठा असेल, किंवा चेहरा, हात, सांधे, जननेंद्रिये यांपैकी काही भाजले असेल, किंवा जखम विजेने वा रसायनाने झाली असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास पर्याय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोक मध्यम वा गंभीर स्वरूपात भाजतात. एवढ्या मोठ्या दुःखावरचा पहिला उपचार नळाला येतो आणि तो देणे आपल्या समाजाला माहीत नसते, याला दारिद्र्य हे कारण देता येणार नाही.

हळदीचा विजय आणि हळदीची मर्यादा

येथे एक अडचणीचा विषय टाळता येत नाही. घरगुती उपचारांविषयी बोलले की दोन टोकांची मते ऐकू येतात. एका मते आजीच्या बटव्यातील प्रत्येक गोष्ट शास्त्रसिद्ध आहे आणि तिच्याविषयी शंका घेणे म्हणजे परंपरेचा अवमान. दुसऱ्या मते तो बटवा म्हणजे निव्वळ अडाणीपणा. ही दोन्ही मते आळसातून आलेली आहेत; कारण दोन्हींत तपासून पाहण्याचे कष्ट वाचतात.

हळदीचेच उदाहरण घ्यावे. जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर करण्यावर 1995 मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली, त्याला आव्हान दिले. हा उपयोग भारतात पिढ्यान् पिढ्या ज्ञात आहे याचे लेखी पुरावे परिषदेने सादर केले आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झाले. प्रत्येक भारतीयाला अभिमान वाटावा अशी ही घटना आहे. परंतु तो लढा ज्ञानाच्या मालकीचा होता. हळदीत गुण आहेत, याचा अर्थ डब्यातील हळदपूड ताज्या उघड्या जखमेवर दाबून भरावी असा होत नाही. ती पूड निर्जंतुक नसते. बाजारातील हळदीत पिवळेपणासाठी शिशाचे रसायन मिसळले गेल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. शिवाय हळदीने, कॉफीपुडीने किंवा शाईने माखलेली जखम किती खोल आहे हे डॉक्टरांना दिसत नाही. ती पाहण्यासाठी त्यांना तो थर खरवडून काढावा लागतो आणि भाजलेल्या मुलाला दुसऱ्यांदा यातना सोसाव्या लागतात. परंपरेवरील प्रेमापोटी मुलाला ही शिक्षा देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आजीच्या बटव्याचा खरा वारसा त्यातील एखाद्या पुडीत नव्हता. घरात एक व्यक्ती अशी असावी जी संकटात गोंधळत नाही, जिला आपल्या वस्तू कोठे आहेत हे अंधारातही ठाऊक असते आणि जिच्या हाताला सवय आहे, ही त्या बटव्यामागची व्यवस्था होती. पुड्या टिकल्या आणि ती व्यवस्था मोडली, हे आजच्या घरांचे खरे नुकसान आहे. आज औषधांच्या डब्यात मुदत संपलेल्या गोळ्या, वाळून गेलेली मलमाची नळी आणि कोणाच्या तरी लग्नातली सुपारी सापडते. कात्री मात्र ऐन वेळी सापडत नाही.

सुश्रुतांचा आग्रह

ज्यांना परंपरेचा आधार हवा आहे, त्यांनी सुश्रुतसंहिता पाहावी. भाजण्याचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार तीत केले आहेत; म्हणजे जखमेची खोली पाहून उपचार ठरवावा ही दृष्टी त्या काळी होती. पट्टी बांधण्याचे चौदा प्रकार तीत वर्णिले आहेत. परंतु या सर्वांहून महत्त्वाचा आहे तो सूत्रस्थानातील योग्यासूत्रीय अध्याय. ‘योग्या’ म्हणजे हाताने केलेला सराव. शिष्याने छेद घेण्याचा अभ्यास कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी अशा फळांवर करावा आणि पट्टी बांधण्याचा अभ्यास माणसाच्या आकाराच्या पुतळ्यावर करावा, असे तेथे सांगितले आहे. पुष्कळ ग्रंथ ऐकलेला परंतु सराव न केलेला मनुष्य प्रत्यक्ष कर्माला अयोग्य असतो, हा त्या अध्यायाचा आशय आहे.

सुश्रुतसंहितेतील प्रत्येक उपचार आज जसाच्या तसा करावा असे कोणीही सुज्ञ वैद्य म्हणणार नाही. ज्ञान त्यानंतर बरेच पुढे आले आहे. पण त्या ग्रंथाने घालून दिलेली शिस्त जुनी झालेली नाही. आज प्रथमोपचार शिकवणाऱ्या वर्गात रबरी पुतळ्याच्या छातीवर दाब देण्याचा सराव करून घेतात, तो त्याच शिस्तीचा आधुनिक अवतार होय. सुश्रुतांचे नाव अभिमानाने घेणाऱ्या घरात एकालाही हातावर त्रिकोणी झोळी बांधता येऊ नये, ही विसंगती बोचणारी आहे.

न शिकलेल्या हातांच्या चुका

दैनंदिन दुखापतींची यादी फार मोठी नाही. विळीवर किंवा सुरीने बोट कापणे, खेळताना गुडघा फुटणे, पाय मुरगळणे, नाकातून रक्त येणे, डोळ्यात काही उडणे, घशात काही अडकणे, कुत्रा चावणे. आणि शेतात, कोकणात वा डोंगराळ भागात राहणाऱ्यांसाठी विंचू आणि साप. यांतील प्रत्येक ठिकाणी एक चुकीची पद्धत रूढ आहे आणि तिच्या जागी ठेवावयाची योग्य पद्धत अत्यंत साधी आहे.

कापल्यावर रक्त वाहू लागले की ते पाहण्यासाठी कापड पुन्हापुन्हा उचलले जाते आणि नुकतीच धरू लागलेली गुठळी प्रत्येक वेळी सुटते. स्वच्छ कापडाने थेट जखमेवर दहा मिनिटे, घड्याळ लावून, न उचलता दाब द्यावा. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवावे. लहान जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुणे हे कोणत्याही पिवळ्या वा लाल मलमापेक्षा महत्त्वाचे आहे. धनुर्वाताविषयी दोन गैरसमज दृढ आहेत. त्याचे जंतू गंजात जन्मत नाहीत. ते मातीत आणि शेणात असतात, म्हणून शेतातील काट्याची जखमही धोक्याची ठरते. आणि प्रत्येक खरचटण्यासाठी नवे इंजेक्शन लागत नाही. लसीचे मूळ डोस पूर्ण झाले असतील तर साध्या, स्वच्छ जखमेसाठी दहा वर्षांचे आणि खोल, मळलेल्या जखमेसाठी पाच वर्षांचे अंतर मानले जाते. शेवटचे इंजेक्शन कधी घेतले याची नोंद घरात असावी, एवढेच त्यासाठी पुरते.

नाकातून रक्त आल्यास मान मागे टाकण्याची आणि कांदा हुंगवण्याची रीत आहे. मान मागे टाकली की रक्त घशात उतरते आणि उलटी होते. जखमीला बसवून किंचित पुढे झुकवावे आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा ते पंधरा मिनिटे धरून ठेवावा. पाय मुरगळला की तेल लावून चोळण्याची आणि ओढून ‘नस बसवण्याची’ घाई होते. आतील तंतू फाटलेले असताना चोळल्याने सूज वाढते आणि हाड मोडलेले असेल तर ते अधिक सरकते. पहिले दोन दिवस विश्रांती, कापडात गुंडाळलेल्या बर्फाचा शेक एका वेळी पंधरा ते वीस मिनिटे, सैलसर पट्टी आणि पाय उंचावर, हा क्रम पाळावा. चार पावलेही भार देता येत नसेल तर क्ष-किरण तपासणी करावी.

तंबाखूत मळण्याच्या चुन्याची पुडी किंवा नळी अनेक घरांत मुलांच्या हाताला लागेल अशी पडलेली असते. मूल ती दाबते, ती फुटते आणि चुना डोळ्यात जातो. चुन्याने डोळ्याचा पडदा जळतो आणि तो कायमचा पांढरा पडू शकतो. अशा वेळी डोळा उघडा धरून स्वच्छ पाण्याने निदान अर्धा तास धुवावा, चुन्याचे कण निघून जाऊ द्यावेत आणि मगच रुग्णालय गाठावे. वडीलधाऱ्यांच्या व्यसनाची किंमत नातवाच्या दृष्टीने मोजावी लागते, तेव्हा घरातील कोणते हसे-खेळे उरते?

शेंगदाणा, फुटाणा, सुपारीचे खांड किंवा खेळण्याचा मणी मुलाच्या घशात अडकला आणि त्याचा आवाज निघेनासा झाला, तर तोंडात बोट घालून चाचपडू नये; वस्तू अधिक आत जाते. मुलाला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच ठोसे द्यावेत. त्याने न भागल्यास मागून मिठी घालून बेंबीच्या वर मूठ ठेवावी आणि आत व वर असे पाच झटके द्यावेत, आणि वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करावे. एक वर्षाखालील बाळाच्या पोटावर मात्र झटके देऊ नयेत. त्याला हातावर पालथे धरून पाठीवर ठोसे आणि नंतर उताणे करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी दाब द्यावा. हे वाचून येत नाही, करून पाहूनच येते.

कुत्रा चावल्यावर चुना, तिखट किंवा तेल भरण्याची पद्धत अजूनही आहे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. जखम लगेच साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी लस सुरू करणे, यात कसूर होता कामा नये. जखमेतून रक्त आले असेल तर लसीबरोबर प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही लागते, हे स्वतःहून विचारून घ्यावे.

सर्पदंशाच्या बाबतीत तर अज्ञानाची किंमत अपरिमित आहे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सुमारे 12 लाख लोक सर्पदंशाने दगावले. दंशाच्या वर आवळून दोरी बांधणे, ब्लेडने काप देणे, तोंडाने विष ओढणे आणि मांत्रिकाकडे नेणे, या चारही गोष्टी घातक आहेत. जखमीला धीर द्यावा, दंश झालेला अवयव फळीला बांधून हाड मोडल्यासारखा स्थिर करावा, त्याला चालू देऊ नये आणि प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात थेट न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर ते एकच औषध चालते. म्हणून सापाला मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नये. विंचवाच्या बाबतीत महाराष्ट्राजवळ सांगण्यासारखे एक तेजस्वी उदाहरण आहे. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने मृत्यू होत असताना महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण भागात राहून, रुग्णाच्या उशाशी बसून निरीक्षणे केली आणि प्राझोसिन या साध्या औषधाचा उपयोग सिद्ध केला. 2022 मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. दंशानंतर घाम सुटणे, उलट्या, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसताच मंत्रात वेळ न घालवता रुग्णाला डॉक्टरांकडे आणणे, एवढा वाटा मात्र घरच्यांनी उचलला पाहिजे. तो उचलला गेला नाही तर संशोधकाची तपश्चर्याही व्यर्थ जाते.

उपचाराआधी शिस्त

अपघात ‘घडतात’ असे म्हणण्याची भाषिक सवय फसवी आहे. बहुतेक घरगुती अपघात आधी मांडून ठेवलेले असतात. पातेल्याचा दांडा ओट्याबाहेर असतो, तेव्हा अपघात मांडलेला असतो. शीतपेयाच्या बाटलीत रॉकेल, फिनेल किंवा फरशी धुण्याचे ॲसिड भरून ठेवलेले असते, तेव्हा तो मांडलेला असतो. (असे काही पोटात गेल्यास उलटी करवू नये, येताना जाळते तेच जाताना पुन्हा जाळते.) न्हाणीघरातील शेवाळलेली फरशी, जिन्यावरचा गेलेला दिवा, रात्री उठणाऱ्या आजोबांच्या वाटेतील दुमडलेली सतरंजी, भरून ठेवलेली उघडी बादली, गच्चीचा कठडा नसलेला कोपरा, ही सारी अपघाताची तयारी आहे. वृद्धाचे खुब्याचे हाड मोडते तेव्हा बहुधा त्याचे स्वातंत्र्यही मोडते. न्हाणीघरात भिंतीला एक मजबूत दांडी बसवण्याचा खर्च सणाच्या एका साडीहून कमी असतो.

विदर्भात आणि मराठवाड्यात उन्हाळ्यात लोखंडी कूलरमध्ये पाणी भरताना विजेचा धक्का बसून माणसे दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय कूलरला हात लावू नये, हा घराचा नियम असावा. गळती ओळखून 30 मिलिअँपिअरला वीज तोडणारे उपकरण मुख्य फळ्यावर बसवून घ्यावे. कोणाला धक्का बसत असेल तर त्याला हात लावण्यापूर्वी मुख्य बटण बंद करावे. अन्यथा एकाच्या जागी दोन बळी जातात. संक्रांतीला नागपूर, नाशिक, येवल्याचे आकाश पतंगांनी भरते, तो आनंदाचा उत्सव आहे. परंतु नायलॉनच्या मांजाने दुचाकीस्वारांचे गळे कापले जातात. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये त्यावर देशभर बंदी घातली. तरीही तो विकला जातो, कारण घरातील मोठी माणसे तो मुलांना आणून देतात. ज्या उत्सवात तीळगूळ देऊन गोड बोलण्याची प्रथा आहे, त्याच दिवशी अनोळखी माणसाच्या गळ्याला धार लावणे कोणत्या संस्कृतीत बसते?

शेजाऱ्याचे भय आणि कायद्याचे अभय

घराच्या उंबरठ्याबाहेर हाच प्रश्न अधिक गंभीर होतो. 2022 या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. जखमीभोवती गर्दी जमते, भ्रमणध्वनीवर चित्रीकरण होते आणि मदतीचा हात मात्र पोलीस चौकशीच्या भीतीने मागे राहतो. ही भीती आता निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने 30 मार्च 2016 रोजी मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली आणि 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती करून 134 अ हे कलम घालण्यात आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई करता येत नाही आणि त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही करता येत नाही. महाराष्ट्रात 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. कायदा आणि वाहन दोन्ही आहेत. रक्तस्रावावर दाब कसा द्यावा, बेशुद्ध माणसाला कुशीवर कसे वळवावे, मानेला मार असेल तर त्याला ओढून का उठवू नये, हे जाणणारा हात तेवढा कमी आहे.

1948 च्या कारखाने कायद्याने दर 150 कामगारांमागे निदान एक प्रथमोपचार पेटी आणि तिची जबाबदारी घेणारी प्रशिक्षित व्यक्ती बंधनकारक केली होती. कारखान्यांसाठी केलेला हा नियम दोनशे बिऱ्हाडांच्या गृहसंकुलाला स्वतःहून लागू करून घेता येणार नाही काय? संकुलात उद्वाहनाच्या देखभालीसाठी वार्षिक करार होतो, पाण्याच्या टाकीसाठी होतो. माणसाच्या पहिल्या वीस मिनिटांसाठी काहीच ठरवलेले नसते.

संकल्पाचा विषय

यासाठी शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. हे काम कार्यकर्त्याचे आहे आणि गृहिणीचे आहे. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत मंडपात एक सायंकाळ प्रथमोपचाराच्या प्रात्यक्षिकासाठी काढता येते. प्रत्येक गावात आणि नगरात एखादा डॉक्टर, एखादी परिचारिका, एखादा अग्निशमन जवान असतो. त्यांना बोलावले तर ते आनंदाने येतात. भजनी मंडळ, महिला मंडळ, व्यायामशाळा, शाखा, सेवावस्तीतील अभ्यासिका, यांपैकी कोणतेही ठिकाण या कामाला परके नाही. दहीहंडीच्या पथकाने थर लावण्याच्या सरावाइतकाच सराव पडलेल्याला उचलण्याचा करावा. व्याख्यान मात्र पुरेसे नाही. प्रत्येकाने पट्टी बांधून पाहावी, पुतळ्यावर दाब देऊन पाहावा, उशीला बाळ समजून पालथे धरून पाहावे. सहा महिन्यांनी पुन्हा करावे, कारण सराव सुटलेला हात पुन्हा नवशिका होतो.

घरापुरते काम याहून सोपे आहे. एका डब्यात निर्जंतुक पट्ट्या, चिकटपट्टी, दाबपट्टी, त्रिकोणी कापड, कात्री, चिमटा, हातमोजे आणि जलसंजीवनीची पाकिटे ठेवावीत. झाकणाच्या आतल्या बाजूला 108 आणि 112 हे क्रमांक, जवळच्या रुग्णालयाचा पत्ता, घरातील प्रत्येकाचा रक्तगट, चालू औषधे आणि धनुर्वाताच्या शेवटच्या इंजेक्शनची तारीख लिहावी. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची भांडी उतरतात, तशी या डब्याचीही वर्षातून एकदा उजळणी व्हावी. आणि डब्याची जागा घरातल्या सर्वांत लहान शाळकरी मुलालाही ठाऊक असावी. कारण संकट येताना घरात मोठे माणूस आहे की नाही हे पाहून येत नाही.

सेवा हा शब्द मोठा आहे आणि तो उच्चारताना महापूर, भूकंप, छावण्या डोळ्यांसमोर येतात. त्या प्रसंगी धावणाऱ्यांचा समाजाला यथार्थ अभिमान आहे. परंतु भूकंप एका पिढीत एखाद्या वेळी येतो आणि पातेले रोज चुलीवर चढते. रोजच्या संकटासाठी तयार असलेला हातच मोठ्या संकटातही न थरथरता पुढे येतो. पुढच्या वेळी एखाद्या घरातून मुलाची किंकाळी ऐकू आली तर चार माणसांनी चार डबे शोधण्याऐवजी एकाने शांतपणे नळ सोडावा, दुसऱ्याने घड्याळ पाहावे आणि तिसऱ्याने 108 लावावा. ज्या वस्तीत एवढे जमेल, ती वस्ती खऱ्या अर्थाने संघटित झाली असे म्हणता येईल.